सी ड्राइव्ह लाल, जीमेलही भरलेलं: काय पुसावं, काय हलवावं?

काठावरची

दोन्हीकडून एकदम कोंडी झाली आहे, म्हणून धागा काढतेय.

लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी आहे, विंडोज ११. सी ड्राइव्हची पट्टी केव्हाची लाल आहे, आता अपडेटही 'जागा नाही' म्हणून अडलंय. त्यातच जीमेल उघडलं की वर सूचना झळकते: साठवण भरत आली, लवकरच मेल येणं-जाणं बंद होईल. फोनमधल्या फोटोंचा बॅकअप तर थांबलाच आहे.

सगळीकडे सांगतात ते उपाय करून झाले. टेम्प फोल्डर, रिसायकल बिन, ब्राउझरचा कॅश. दोन-तीन जीबी सुटतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मला कळत नाहीये ते असं: जागा नेमकी कोण खातंय हे कसं शोधायचं? माझी बरीच कागदपत्रं वनड्राइव्हवर आहेत, मग लॅपटॉपवरची पुसून टाकली तर चालेल ना? गूगलच्या १५ जीबीत काय काय मोजतात? की सरळ मोठा प्लॅन घेऊन मोकळं व्हावं?

टिपकागद

बाकीचं नंतर. वनड्राइव्हच्या फोल्डरमधलं काहीही पुसू नका!

तिथली फाइल लॅपटॉपवरून डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते, आणि त्याच खात्याला जोडलेल्या बाकीच्या यंत्रांवरूनही. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड फोटोज, सगळ्यांचा स्वभाव हाच. सिंकचं काम दोन्ही बाजू सारख्या ठेवणं हे आहे, आणि तुम्ही पुसलं तर तेही ते इमानदारीत दोन्हीकडे करतं. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस असते. तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक.

तुम्हाला हवं आहे ते 'फ्री अप स्पेस'. फाइलवर किंवा अख्ख्या फोल्डरवर राइट क्लिक केलं की मेन्यूत दिसेल. मग नाव जागेवर राहतं, मजकूर क्लाउडवर राहतो आणि डिस्कवरची जागा सुटते. निळा ढग दिसला तर फाइल फक्त क्लाउडवर आहे. हिरव्या कडेच्या गोलात बरोबरची खूण असेल तर प्रत लॅपटॉपवरही आहे, पण सोडता येते. गोल भरीव हिरवा असेल तर 'कायम इथेच ठेव' असं तुम्ही (किंवा तुमच्या वतीने कोणीतरी) सांगून ठेवलंय.

आणखी एक तपासा. विंडोज सुरुवातीच्या सेटअपमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या पोटात घालायला सुचवतं आणि आपण 'नेक्स्ट नेक्स्ट' करत पुढे जातो. फुकट वनड्राइव्ह ५ जीबीचं. डेस्कटॉपवर दोन व्हिडिओ ठेवले की तेही भरलं.

सुतारपक्षी

टिपकागद यांना +१. आता डिस्ककडे वळू.

अंदाजाने पुसत बसू नका, आधी मोजा. डिस्कवर कशाने किती जागा घेतली ते दाखवणारं विझट्री किंवा विनडरस्टॅट, दोन्ही चालतील. विझट्री एनटीएफएसची (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) मुख्य फाइल यादी थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत अख्ख्या ड्राइव्हचा नकाशा येतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर काही फोल्डरं दिसणारच नाहीत. मॅकवर ग्रँडपर्स्पेक्टिव्ह, लिनक्सवर एनसीडीयू. मोठ्यात मोठी पाच-सहा फोल्डरं इथे टाका, मग बोलू.

रच्याकने, २५६ जीबीची डिस्क विंडोजला २३८ च दिसते. १८ जीबी कोणी चोरले नाहीत. बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी त्याला जीबीच म्हणतं. १ टीबीची डिस्क ९३१ दिसते ती यामुळेच. मॅकने २००९ पासून दशमान मोजणी धरली, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

बिनकामाचा

एवढी उठाठेव कशाला? मोठा प्लॅन घ्या, वर एक बाहेरची डिस्क घ्या, सुखाने झोपा. आयुष्य काय फाइली निवडण्यात घालवायचंय?

काठावरची

विझट्री चालवलं. डोळेच उघडले.

डाउनलोड्स ४१ जीबी. अ‍ॅपडेटाच्या आत 'मोबाइलसिंक' नावाचं काहीतरी २७ जीबी. टेलिग्राम १८ जीबी. विंडोजच्या आत विनएसएक्सएस ११ जीबी. हायबरफिल.सिस नावाची एकच फाइल ६ जीबीची. बाकी किरकोळ.

यातलं काय उडवू?

सुतारपक्षी

एकेक घेऊ.

मोबाइलसिंक हा आयफोनचा बॅकअप आहे. पूर्वी कधीतरी आयट्यून्सला फोन जोडला असेल. इथे घाई नको. हा बॅकअप साधं फोल्डर म्हणून उघडून बघता येत नाही, आतल्या फाइलींची नावं म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ असते. तो फोन आता नसेल आणि त्यातले फोटो-चॅट दुसरीकडे कुठे नसतील, तर ही त्यांची एकमेव प्रत असू शकते. अख्खं फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्याला पासवर्ड लावला होता का तेही आठवून ठेवा, त्याशिवाय बॅकअप उघडणार नाही. मग इथला आयट्यून्सच्याच सेटिंगमधून काढा.

टेलिग्रामचे १८ जीबी बिनधास्त सोडा. चॅनेलमध्ये पाहिलेले व्हिडिओ तो स्थानिक कॅशमध्ये ठेवतो. सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, मॅनेज लोकल स्टोरेज. तिथेच कॅशची कमाल मर्यादाही ठरवता येते, ती ठरवाच, नाहीतर पुन्हा भरेल. चॅट क्लाउडवर असतात, लागलं तर परत उतरतं. फक्त डाउनलोड्सच्या आत 'टेलिग्राम डेस्कटॉप' नावाचं जे फोल्डर असतं ते कॅश नाही, त्यात तुम्ही स्वतः सेव्ह केलेल्या फाइली असतात.

विनएसएक्सएसला हात लावू नका. एक्सप्लोरर त्याचा आकार फुगवून दाखवतो, कारण त्यातल्या पुष्कळ फाइली म्हणजे सिस्टिमच्या इतर फोल्डरमधल्याच फाइलींची दुसरी नावं आहेत. दोनदा मोजलं जातं. जुन्या अपडेटचा गाळ काढायचा असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे 'विंडोज अपडेट क्लीनअप' वर खूण करा. पण त्याच यादीत डाउनलोड्सही असतं. सवयीने सगळ्या चौकटींवर खुणा केल्या तर तेही साफ होईल.

हायबरफिल.सिस म्हणजे हायबरनेशनची (उघडं काम डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद करण्याची) फाइल. लॅपटॉप हायबरनेट करत नसाल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस देऊन /एच ऑफ (अर्थात रोमन अक्षरांत). फाइल तत्काळ नाहीशी होते. तिच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, पण एसएसडीवर तो फरक फारसा जाणवत नाही. बॅटरी संपल्यावर उघडं काम वाचावं म्हणून हायबरनेट वापरणाऱ्यांनी मात्र राहू द्यावं. शेजारीच दिसणारी पेजफाइल.सिस (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती) तशीच राहू दे.

डाउनलोड्स तुमचं तुम्हीच बघा. आकारानुसार लावा, वरच्या वीस-पंचवीस फाइलींतच बहुतेक माल निघेल. शेकडो छोट्या पीडीएफ पुसून हाताला काही लागत नाही.

मधली सुट्टी

एखादं क्लीनर अ‍ॅप टाकलं तर हे सगळं एका बटणावर होणार नाही का? 'पीसी बूस्टर' वगैरेंच्या जाहिराती सारख्या येतात.

सुतारपक्षी

गरज नाही. विंडोजची स्टोरेज सेन्स ही आपोआप साफसफाईची सोय तेवढं काम करते. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करून जागा सुटत नाही, तिथे सगळा मामला काही एमबीचा. शिवाय अशा अ‍ॅपला अख्ख्या डिस्कवर मुक्त संचार द्यावा लागतो. सीसीक्लीनरसारख्या नावाजलेल्या अ‍ॅपच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ती आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरूनच वाटली गेली, हे सप्टेंबर २०१७ मध्ये उघड झालं. नावाजलेल्याची ही गत, मग जाहिरातीतून दार ठोठावणाऱ्यांचं काय सांगावं.

स्टोरेज सेन्स चालू करताना त्यातही 'डाउनलोड्समधल्या फाइली इतक्या दिवसांनी काढा' हा पर्याय 'नेव्हर' वर आहे ना ते बघा.

गोगलगाय

गूगलची बाजू मी घेते. धागा उशिरा पाहिला.

१५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहेत. गूगल वनच्या (गूगलची साठवणीची सेवा) स्टोरेज पानावर तिघांचे आकडे वेगळे दिसतात. आधी ते पाहा. मेलमुळे जागा भरली असं जीमेल ओरडतं म्हणून वाटतं, प्रत्यक्षात बहुतेकांची जागा फोटोजने खाल्लेली असते.

फोटोजमध्ये हमखास फसगत होते ती अशी. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी' मध्ये चढवलेले फोटो कोट्यात धरलेच जात नाहीत. लोक बिचारे जुनं म्हणून तेच आधी पुसतात. हजारो फोटो जातात आणि आकडा जागचा हलत नाही. त्या तारखेनंतरचं सगळं मोजलं जातं, आणि 'ओरिजिनल क्वालिटी' तर आधीचीही मोजली जायची. तेव्हा पुसायचंच असेल तर अलीकडचे मोठे व्हिडिओ आधी. स्टोरेज पानावर मोठ्या फाइलींची वेगळी यादीच मिळते.

ओरिजिनल चढवलेलं नंतर 'स्टोरेज सेव्हर' मध्ये बदलता येतं. फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पी पर्यंत खाली येतात. परतीचा रस्ता नाही, म्हणून मूळ प्रत डिस्कवर असल्याशिवाय ते बटण दाबू नये असं माझं मत.

दुसरा लपलेला खादाड म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. अँड्रॉइडवरचा त्याचा बॅकअप पूर्वी गूगलच्या कोट्यात धरत नसत. २०२४ पासून धरू लागले. अनेकांचं खातं त्यानंतर 'अचानक' भरलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन 'व्हिडिओसह' बंद करा. मग स्टोरेज अँड डेटामधल्या 'मॅनेज स्टोरेज' मध्ये ५ एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढलेल्या दिसतील. सुप्रभातचे व्हिडिओ तिथे दाटीवाटीने बसलेले असतात. ते उडवून नवा बॅकअप घेतला की तो लहान होतो.

जीमेलसाठी शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारा, आकाराच्या रकान्यात '१० एमबीहून मोठं' भरा. मोजक्याच मेल निघतील आणि त्याच जड असतील. वेबवर फक्त अटॅचमेंट काढून मेल ठेवता येत नाही, अख्खी मेल जाते. म्हणून हवी ती अटॅचमेंट आधी उतरवून घ्या.

ड्राइव्हमध्ये 'शेअर्ड विथ मी' आवरत बसू नका, दुसऱ्याच्या मालकीची फाइल तुमच्या कोट्यात नसतेच. आणि शेवटी तिन्ही ठिकाणचा ट्रॅश रिकामा करा. जीमेल आणि ड्राइव्हचा ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, फोटोजमध्ये बॅकअप झालेलं ६० दिवस पडून राहतं. आकडा लगेच उतरला नाही तर घाबरू नका, कधी कधी एखादा दिवस लागतो.

मधली सुट्टी

रजिस्ट्रीचं ऐकून सावध झालो. गोगलगाय, फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' यांत काय फरक? मी दुसरं दाबतो नेहमी.

गोगलगाय

फार मोठा! 'फ्री अप स्पेस' फक्त फोनवरची प्रत काढतं, तीही बॅकअप झालेल्यांचीच. 'डिलीट' दोन्हीकडून काढतं. तुमचा ट्रॅश आत्ताच उघडून बघा, ६० दिवसांच्या आतलं असेल तर परत आणता येईल.

आणि 'फ्री अप' केल्यावर तो फोटो जगात एकाच ठिकाणी उरतो: गूगलच्या खात्यात. ते खातं गेलं, हॅक झालं, पासवर्ड हरवला, तर संपलं.

टिपकागद

माझं म्हणणं तेच आहे, म्हणून पुन्हा आलो. जागा करताना लोक 'हे नको, ते नको' असं निवडत बसतात आणि दमतात. त्यापेक्षा मोठ्या फाइलींपुरता एकच प्रश्न पुरे: हिची दुसरी प्रत कुठे आहे? इंटरनेटवर परत मिळणारी असेल (इन्स्टॉलर, सिनेमा, गेम), तर पुसा, विचार नको. तुम्हीच बनवलेली असेल आणि दुसरी प्रत असेल, तर इथली सोडा. तुम्हीच बनवलेली आणि दुसरी प्रत नाही, तर आज तिला हात नाही, आधी प्रत काढा.

व्यावसायिक छायाचित्रकारांत ३-२-१ चा नियम चालतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. सगळ्या फाइलींना इतका थाट नको. फोटो, महत्त्वाची कागदपत्रं आणि स्वतःचं लेखन यांना हवा. घरची डिस्क आणि क्लाउड मिळून तो जवळपास जमतोच.

बिनकामाचा

म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच. डिस्क घ्या, प्लॅन घ्या.

टिपकागद

अर्धं पटतं. फोटो दरवर्षी वाढणारच, त्यांच्यासाठी प्लॅन घेणं शहाणपणाचंच आहे. पण डाउनलोड्समधले ४१ जीबी क्लाउडवर नेण्यासाठी प्लॅन घेणं म्हणजे रद्दी ठेवायला खोली भाड्याने घेणं. दुसरं असं की प्लॅन एकदा घेतला की सोडणं अवघड होतं. १५ जीबीच्या वर गेलात आणि पैसे भरायचे थांबलात, की चढवणं थांबतं आणि मेलही अडते. सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तर मजकूर काढून टाकण्याची मुभा गूगलने आपल्या नियमांत ठेवली आहे. तेव्हा आधी साफसफाई, मग जे उरेल त्याच्या मापाने प्लॅन.

उंबरठा

मॅकवाल्यांसाठी कोणी लिहील का? 'सिस्टिम डेटा' नावाखाली प्रचंड जागा दिसते, आत काय आहे ते सांगतच नाही.

सुतारपक्षी

त्यात पुष्कळदा टाइम मशीनचे (मॅकची बॅकअपची सोय) स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या डिस्कच्या प्रती, असतात. बाहेरची डिस्क जोडलेली नसली की मॅक ते आतल्याच डिस्कवर ठेवतो. जागेची निकड भासली की तो स्वतःच काढतो. मोठी फाइल पुसूनही जागा वाढली नाही तर कारण बहुधा हेच: ती अजून स्नॅपशॉटमध्ये आहे. बाहेरची डिस्क लावून एक बॅकअप पूर्ण होऊ द्या आणि थोडं थांबा. आयफोनचे बॅकअपही मॅकवर असेच लपलेले असतात.

एकारान्त

लिनक्सवर /बूट (यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींची जागा) भरणं हा वेगळा ताप. जुनी कर्नल्स (सिस्टिमचा गाभा) काढा, हाताने नव्हे, पॅकेज मॅनेजरने. बाकी जर्नलसीटीएलने दिसणारे सिस्टिमचे लॉग आणि डॉकर (अ‍ॅप वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या जुन्या इमेज बघा. आटोपलं.

मधली सुट्टी

ट्रॅशमधून बरंच परत आलं. गोगलगाय यांचे आभार कसे मानू!

आणखी एक. एकच फोटो चार-चार वेळा आहे माझ्याकडे. डुप्लिकेट शोधणारं काही सुचवा.

गोगलगाय

चकावका नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, किंवा ड्यूपगुरू. तंतोतंत सारख्या फाइली ते मजकुराच्या ठशावरून ओळखतात, त्या निर्धास्त पुसा. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत तंतोतंत नसते. ती दाबून लहान केलेली असते, आणि फोटो कुठे-कधी काढला ही आतली माहितीही पुसलेली असते. तिच्यासाठी 'सारखे दिसणारे फोटो' हा पर्याय वापरावा लागतो आणि तिथे डोळ्यांनी बघूनच निवडायचं. दोन्हीतली मोठी फाइल ठेवा. यापुढे मूळ फोटो हवा असेल तर समोरच्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

डुप्लिकेटपेक्षा व्हिडिओचं सेटिंग जास्त जागा वाचवतं, हेही सांगते. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं: १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम, तर मिनिटाला सुमारे ६० एमबी. ४के, ६० फ्रेम, तर सुमारे ४०० एमबी. मुलांचं गॅदरिंग ४के मध्ये अर्धा तास काढलं की १२ जीबी झाले! आधी काढलेले व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करू नका, दर्जा जातो तो परत येत नाही. पुढचे लहान काढा.

काठावरची

सगळ्यांचे आभार. टेलिग्रामला ५ जीबीची मर्यादा घातली. हायबरफिल गेली. आयफोनचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर उतरतोय. डाउनलोड्समध्ये तीन ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयएसओ फाइली निघाल्या, त्या कशासाठी उतरवल्या होत्या देव जाणे. सी ड्राइव्हवर आता ७० जीबी मोकळे दिसतायत आणि अपडेट बसलं.

दोन शंका. एक, किती जागा मोकळी ठेवावी? दोन, गूगल फोटोजमधलं सगळं टेकआउटने (गूगलची खात्यातला मजकूर उतरवून देणारी सोय) उतरवून बाहेरच्या एसएसडीवर टाकून कपाटात ठेवणार आहे. चालेल?

सुतारपक्षी

आतल्या एसएसडीवर पंधरा-वीस टक्के मोकळे ठेवा. एसएसडी जुन्या जागी थेट लिहू शकत नाही, आधी ठोकळेच्या ठोकळे पुसून रिकामे करावे लागतात. रिकामी जागा कमी असली की त्यासाठी डेटा इकडून तिकडे हलवण्यातच तिचा वेळ जातो, म्हणून भरलेला लॅपटॉप मंद वाटतो.

कपाटात ठेवायला मात्र एसएसडी नको. वीज न मिळता ती दीर्घकाळ पडून राहिली तर पेशींमधला विद्युतभार हळूहळू गळतो. नुसती साठवण करायची तर साधी फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क बरी. तीही अधूनमधून जोडून काही फाइली उघडून पाहा.

गोगलगाय

टेकआउटबद्दल: भाग ५० जीबीचे निवडा, म्हणजे झिपचे तुकडे कमी पडतील. उतरवल्यावर फाइलींच्या तारखा बिघडल्यासारख्या वाटतील. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली तारीख शाबूत असते, पण तुम्ही गूगल फोटोजमध्ये स्वतः बदललेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णनं शेजारच्या जेसॉन (माहिती साठवणाऱ्या छोट्या मजकूर) फाइलींत येतात. त्या कचरा समजून पुसू नका. उतरवायची लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा डिस्क हातात आल्यावरच मागणी नोंदवा. आणि सगळे झिप उघडून पाहिल्याशिवाय क्लाउडवरचं काही पुसू नका, एखादा अर्धवट उतरलेला असतोच.